वॉर्डात नव्याने रुजू होताना: संसर्ग-नियंत्रणाचे नियम अंगवळणी कसे पाडावेत

रुग्णालयात पहिल्यांदा रुजू होणाऱ्या बहुतेक परिचारिकांना, इंटर्नना आणि तंत्रज्ञांना संसर्ग-नियंत्रणाचे नियम तोंडपाठ असतात. परीक्षेत ते विचारलेले असतात, पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणात पुन्हा सांगितले जातात आणि प्रत्येक बेसिनच्या वर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र लावलेले असते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेली पालनाची सरासरी ४० टक्क्यांच्याही किंचित खाली होती. हात स्वच्छ करण्याची गरज असलेल्या दर पाच प्रसंगांपैकी तीन प्रसंगी ते केले जात नव्हते, असा याचा अर्थ होतो. त्याच संघटनेच्या अलीकडच्या अहवालानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना रुग्णालयातच किमान एक नवा संसर्ग होतो.

माहिती असलेला नियम प्रत्यक्षात मोडतो तो ठरावीक जागी: ट्रॉली भरलेली आणि हात गुंतलेले असताना, हँडरबची (हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणाची) बाटली चार पावले लांब असताना, आणि वरिष्ठांपैकी कोणीच तो पाळताना दिसत नसताना. पहिल्या महिन्यात जी सवय लागते ती पुढे वर्षानुवर्षे टिकते, हे मी नव्या मुलामुलींच्या बाबतीत सतत पाहत आले आहे. म्हणून कामाची मांडणीच अशी कशी करावी की घाईतही नियम सुटणार नाही, याचे टप्पे पुढे दिले आहेत. जिल्हा रुग्णालय असो, महापालिकेचे असो की खासगी, ते सगळीकडे लागू पडतात.

रुजू होण्याआधी

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी. ती १० mIU/mL किंवा त्याहून अधिक आली तर संरक्षण मिळाले असे मानतात. कमी आली तर पुन्हा लस घ्यावी लागते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत तीच शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे. सगळी भीती एचआयव्हीची बाळगायची आणि ज्यावर खात्रीची लस आहे त्या आजाराचा तिसरा डोस राहून जाऊ द्यायचा, ही चूक आपल्याकडे फार होते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. तेव्हा लसीची मागणी करताना कोणताही संकोच बाळगू नये आणि डोसच्या तारखांची नोंद स्वतःजवळही ठेवावी.

ड्युटीवर येताना कोपरापासून खाली काहीही नसावे: घड्याळ, अंगठी, बांगड्या, मनगटावरचा दोरा यांपैकी काहीच नको. नखे कापलेली असावीत आणि नेलपॉलिश नसावे. नव्याने लग्न झालेल्या मुलींना चुडा उतरवणे जिवावर येते आणि घरूनही बोलणी बसतात, याची मला जाणीव आहे. परंतु बांगड्यांच्या खाली हँडरब पोहोचत नाही. घरच्यांना हे कारण नीट समजावून सांगितले तर ते बहुधा ऐकतात.

पहिल्या दिवशी वॉर्ड पाहून घेणे

पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी वॉर्डात एक फेरी मारावी. हँडरबच्या बाटल्या कोणत्या खाटांपाशी आहेत, बेसिनजवळ साबण आणि हात पुसायला कागदी रुमाल आहेत का, हातमोज्यांचे खोके कुठे आहे आणि सुया टाकण्याचा पांढरा डबा ट्रॉलीवर आहे की कोपऱ्यात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर कोण आहेत आणि त्या कुठे बसतात, हे विचारावे. सुई टोचल्यास रात्री दोन वाजता प्रतिबंधक औषधे कुठे मिळतील, हेही त्याच दिवशी विचारून ठेवावे. बहुतेक ठिकाणी ती कॅज्युअल्टीत ठेवलेली असतात, पण कुलपाची चावी कोणाकडे असते हे माहीत नसल्यामुळे ऐन वेळी तास-दोन तास वाया जातात.

हातांची स्वच्छता: पाच क्षण खाटेजवळ कसे येतात

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण असे आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. पाठ करायला ते सोपे आहेत, मात्र कामाच्या ओघात ते ओळखता येण्यासाठी एक प्रसंग सावकाश पाहू.

सकाळी आठच्या अँटिबायोटिकची वेळ झाली आहे. चार नंबरच्या खाटेवरच्या आजींना व्हेनफ्लॉनमधून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून) इंजेक्शन द्यायचे आहे. तुम्ही त्यांचे नाव विचारता, हातावरचा पट्टा वाचता आणि त्यांचा हात हातात घेण्याआधी हँडरब लावता; हा पहिला क्षण. सुईची जागा लाल झाली आहे का, सुजली आहे का, ते तुम्ही पाहता. तेवढ्यात आजींना उशी वर करून हवी असते, म्हणून तुम्ही उशी सरकवता, चादर सारखी करता आणि खाटेचा कठडा लावता. त्यानंतर तुम्ही व्हेनफ्लॉनचे टोपण उघडायला जाता, आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेकांचा नियम सुटतो. हात दोन मिनिटांपूर्वीच स्वच्छ केले होते, अशी मनाची समजूत असते. प्रत्यक्षात त्या दोन मिनिटांत ते उशी, चादर आणि कठडा या तिन्हींवरून फिरलेले असतात, आणि टोपण उघडल्यावर त्यांच्या आणि रुग्णाच्या रक्तप्रवाहाच्या मध्ये दुसरा कोणताही अडथळा उरत नाही. म्हणून टोपण उघडण्याआधी पुन्हा हँडरब. हा दुसरा क्षण. नंतर स्पिरिटच्या बोळ्याने व्हेनफ्लॉनच्या तोंडाची जागा १५ सेकंद घासून ती वाळू द्यावी आणि मग सिरिंज जोडावी. काम संपताना रक्ताचा थेंब आला तर हातमोजे काढून हात स्वच्छ करणे हा तिसरा क्षण आणि आजींपासून दूर होताना हात स्वच्छ करणे हा चौथा. हे दोन्ही सहसा एकाच वेळी भागतात. पुढच्या खाटेवर रुग्ण झोपलेला आहे, तुम्ही त्याला हात न लावता फक्त सलाईनचा वेग कमी करता आणि पुढे निघता. तिथेही हँडरब हवे, कारण सलाईनचे चाक हा त्याच्या परिसराचा भाग आहे; हा पाचवा क्षण.

रुग्णाला स्पर्श केल्यानंतर हात धुणे माणसाला आपसूक सुचते, कारण त्यात स्वतःचे रक्षण असते. स्पर्श करण्याआधीचे दोन क्षण केवळ रुग्णासाठी असतात आणि नोंदींमध्ये त्यांचे पालन अनेकदा कमी आढळते. नव्या माणसाने पहिले दोन आठवडे सगळे लक्ष या दोन क्षणांवर द्यावे. तेवढे जमले की उरलेले तीन फारसे अवघड जात नाहीत.

हँडरब तळहातभर, म्हणजे साधारण ३ मिलिलीटर घ्यावे आणि २० ते ३० सेकंद, ते पूर्ण वाळेपर्यंत चोळावे. अंगठे आणि बोटांची टोके सर्वांत जास्त वेळा राहून जातात, तर रुग्णाला सर्वाधिक स्पर्श त्यांचाच होतो. हातांवर डाग किंवा घाण दिसत असेल, किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण आणि वाहत्या पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत, कारण क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारख्या जंतूंच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. ओल्या हातांना हँडरब लावू नये. साबणाने वारंवार हात धुतल्याने त्वचा फाटते, त्या मानाने ग्लिसरीन मिसळलेले हँडरब त्वचेला सौम्य असते. त्यामुळे हात स्वच्छ दिसत असतील तिथे हँडरबच वापरावे आणि ड्युटी संपल्यावर साधे क्रीम लावावे.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिटे यांच्या गटाने १९९४ ते १९९७ या काळात हँडरब थेट खाटेपाशी उपलब्ध करून दिले, भिंतींवर फलक लावले आणि पालनाची नोंद ठेवून ती कर्मचाऱ्यांना वेळोवेळी कळवली. पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांपर्यंत गेले आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. तासाभरात हात स्वच्छ करण्याचे प्रसंग जितके जास्त, तितके पालन कमी, हेही याच गटाने दाखवून दिले. आयसीयूमध्ये पालन घसरते ते याच कारणाने. यातून नव्या माणसाने घ्यावयाची गोष्ट साधी आहे: आपल्या ट्रॉलीवर बाटली असल्याशिवाय राऊंड सुरू करू नये, आणि ती अर्धी झाली की स्टोअरला मागणी लिहावी.

हातमोजे आणि इतर साधने

हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ झाले, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. मोज्यांना बारीक छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात हमखास लागतात, म्हणून घालण्याआधी आणि काढल्यानंतर दोन्ही वेळा हात स्वच्छ करावेत. एका रुग्णासाठी घातलेले मोजे दुसऱ्याला वापरू नयेत, मोज्यांवरून हँडरब लावून ते चालवून घेऊ नयेत आणि मोजे घालून फोन, केसपेपर किंवा दाराची कडी हाताळू नये. नाडी पाहणे, रक्तदाब घेणे, ताप मोजणे यांसाठी एरवी मोज्यांची गरज नसते.

गाऊन, मास्क, गॉगल आणि मोजे या क्रमाने साधने घालावीत. काढताना मोजे आधी, मग गॉगल, मग गाऊन आणि सर्वांत शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर, मास्क काढावा आणि हात स्वच्छ करावेत. घालताना चूक झाली तर दुरुस्त करायला वेळ असतो. काढताना मात्र माणूस थकलेला आणि घाईत असतो, म्हणून काढण्याचा सराव एखाद्या सहकाऱ्याला समोर उभे करून करावा.

इंजेक्शन आणि सुया

आपल्या वॉर्डांमध्ये काही पद्धती इतक्या जुन्या आहेत की त्या चुकीच्या आहेत, हेच कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी एक सलाईनची बाटली फोडून दिवसभर सगळ्यांच्या फ्लशसाठी (नळी धुऊन घेण्यासाठी) तिच्यातूनच पाणी काढणे ही त्यातली पहिली. दुसरी म्हणजे अनेक डोसांच्या व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) सुई खोचून ठेवणे, आणि तिसरी म्हणजे स्पिरिटमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे बरणीत भरून ठेवणे. त्या बरणीत दर थोड्या वेळाने कोणाचा तरी हात जातो आणि स्पिरिट उडून जात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने असे बोळे आधीच भिजवून ठेवू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. नव्या माणसाला एका दिवसात वॉर्डाची पद्धत बदलता येत नाही, पण स्वतःच्या रुग्णासाठी वेगळी सिरिंज, वेगळा फ्लश आणि ताजा भिजवलेला बोळा घेणे त्याच्या हातात असते.

वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नये. लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने, सुईनेच ते उचलावे. पांढरा डबा किंवा हब कटर (सुई कापण्याचे यंत्र) हाताच्या अंतरावर असावा, सुई दुसऱ्याच्या हातात देऊ नये आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा.

एवढे करूनही सुई टोचलीच, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले तर डोळा स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवावा. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगून कॅज्युअल्टी गाठावी, तिथे नोंद करावी आणि स्वतःचे रक्त तपासणीला द्यावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. ती २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीसाठी आधीचे लसीकरण पाहून निर्णय घेतात, म्हणून तारखांची नोंद जवळ हवी. ओरडा बसेल, या धास्तीने घरी जाऊन गप्प बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. सुई टोचणे हा कामावरचा अपघात आहे, तो लपवण्याची गोष्ट नाही, हे प्रत्येक इन्चार्जने नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

कचरा कोणाच्या हातात जातो

२०१६ च्या नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधे आणि वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत जातात. सलाईनचे सेट, प्लास्टिकच्या बाटल्या, कॅथेटर, युरोबॅग (लघवीची पिशवी), सुई वेगळी केलेल्या सिरिंजा आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. सुया, ब्लेड आणि सुईसकट असलेल्या सिरिंजा पांढऱ्या डब्यात, तर काचेच्या व्हायल आणि अँप्यूल निळ्या खोक्यात टाकाव्यात. हा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये. वर्गीकरण जिथे कचरा निर्माण होतो तिथेच करायचे असते, नंतर कोणीही पिशवी उघडून निवड करायची नसते.

पिवळ्या पिशवीत चुकून गेलेली सुई टोचते ती मावशींना किंवा मामांना. पिशवीचे तोंड बांधताना, ती उचलून नेताना ती मांडीला किंवा हाताला लागते, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही. साफसफाई करणाऱ्या या माणसांपैकी बरेच जण कंत्राटी असतात, त्यांच्या लसीकरणाची चौकशी होत नाही आणि जाड मोजे मागितले तर ते वेळेवर मिळत नाहीत. आपल्या वॉर्डातल्या मावशींनी लस घेतली आहे का, हे विचारावे आणि घेतली नसेल तर ते इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरच्या कानावर घालावे.

फरशीवर रक्त सांडले तर मोजे घालून त्यावर शोषक कागद किंवा कापूस टाकावा, त्यावर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतावे, रुग्णालयाने ठरवून दिलेला वेळ थांबावे आणि मगच पुसावे. बाटलीतले द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी मिसळावे. हे मिश्रण रोज ताजे करावे, कारण ठेवून दिल्यास त्याची ताकद उतरते.

हवेतून पसरणारे आजार

क्षयरोग, गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरतात. खोकणाऱ्या रुग्णाला साधा सर्जिकल मास्क द्यावा, त्याला गर्दीतून बाजूला बसवावे आणि आधी तपासून मोकळे करावे. अशा रुग्णाजवळ काम करणाऱ्याने एन-९५ वापरावा. तो चढवल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडून पाहावा आणि कडेने हवा जाणवली तर पट्ट्या पुन्हा नीट कराव्यात. दाढी असल्यास तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. स्वतंत्र यंत्रणा नसलेल्या वॉर्डात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. हिवाळ्यात नातेवाईक खिडक्या लावून घेतात, तेव्हा रुग्णाला जादा ब्लँकेट द्यावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

वरिष्ठांना आणि नातेवाइकांना सांगणे

जिनिव्हाच्या त्याच पाहणीत परिचारिकांचे पालन सुधारले, मात्र डॉक्टरांचे फारसे सुधारले नाही. नव्या सिस्टरने राऊंडवरच्या सरांना टोकावे, अशी अपेक्षा करणे सोपे नाही. त्यासाठी शब्दांपेक्षा कृती उपयोगी पडते: सर पुढच्या खाटेकडे वळले की बाटली पुढे धरून "सर, हँडरब" एवढेच म्हणावे. बहुतेक जण हात पुढे करतात, आणि एकाने केला की मागचे इंटर्नही करतात. निर्जंतुक कामात मात्र, उदाहरणार्थ सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना, कोणाचा मोजा चादरीला लागलेला दिसला तर संकोच न करता त्याच क्षणी "सर, मोजा बदलावा लागेल, दुसरी जोडी उघडते" असे सांगावे.

आपल्याकडे रुग्णाचे अर्धे काम नातेवाईक करतात. ते तोंड पुसतात, युरोबॅग रिकामी करतात आणि मग शेजारच्या खाटेवर बसून गप्पा मारतात. त्यांना रागावून काही साध्य होत नाही. "काका, पिशवी मूत्राशयाच्या खालीच ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका, आणि ओतून झाल्यावर साबणाने हात धुवा" असे कारणासह एकदा दाखवले, तर ते मन लावून करतात.

स्वतःची नोंद

हात स्वच्छ करण्याचे जितके प्रसंग आले, त्यांपैकी किती वेळा ते केले गेले, याची टक्केवारी म्हणजे पालन. ४० प्रसंगांपैकी १८ वेळा हात स्वच्छ केले असतील तर पालन ४५ टक्के होते. निरीक्षक समोर असताना सगळेच काळजीपूर्वक वागतात, म्हणून ऑडिटच्या दिवसाचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. त्यापेक्षा एखाद्या मैत्रिणीला रात्रपाळीत अर्धा तास आपल्यावर लक्ष ठेवायला सांगावे आणि पाच क्षणांपैकी कोणता सुटतो तेवढेच लिहून घ्यावे. तो टोपण उघडण्याआधीचा असेल, तर पुढचा आठवडा बाटली ट्रॉलीच्या वरच्या खणात, सिरिंजच्या ट्रेला लागून ठेवावी, म्हणजे सिरिंज घेताना हात आधी तिच्यावरच जाईल. एका आठवड्याने त्याच मैत्रिणीला पुन्हा पाहायला सांगावे आणि मगच पुढचा क्षण हाती घ्यावा.